सरासरीने गोल

त्रेपन्नाव्या वर्षी मी ज्वारीची भाकरी थापायला बसलो. डॉक्टर म्हणाले गहू कमी करा, बायको म्हणाली मग थाप. आई बार्शीहून येताना मंगळवेढ्याच्या मालदांडीचं पीठ घेऊन आली. प्रकरण एवढ्यावरच राहिलं असतं, पण त्याच आठवड्यात भाची राहायला आली. ती फिजिओथेरपी शिकते. हाताला नवं कौशल्य कसं येतं, यावर तिला प्रकल्प करायचा होता आणि त्यासाठी एक 'प्रयुक्त' हवा होता. प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो.

"मामा, तू आयताच सापडलास," ती म्हणाली.

लक्ष्य ठरलं 20 सेंटिमीटर व्यासाचं. आई थापते तेव्हा भाकरी तळहाताखाली गरगर फिरते. माझी परातीला जी चिकटली ती उचलताना अर्धी हातात आली, अर्धी तिथेच राहिली.

"पिठाची विरी गेलेली दिसते," मी म्हणालो.

"परवाच दळलंय," आई म्हणाली.

भाचीने शिंप्याची टेप आणली होती. माझी भाकरी गोल नसल्यामुळे ती उभी-आडवी मोजून मधला आकडा धरायची. पहिल्या दिवशीचे सहा आकडे असे: 16, 24, 15, 25, 17, 23. मी मनातल्या मनात बेरीज केली. 120. भागिले 6, बरोबर 20! माझी सरासरी चूक शून्य!

"ही स्थिर त्रुटी," भाची म्हणाली. "नेम एकाच बाजूला किती ढळतो ते ती सांगते. तुझा लहान-मोठा दोन्हीकडे सारखाच ढळतो, म्हणून शून्य आली. चिन्हं काढून सरासरी घेतली की निरपेक्ष त्रुटी, ती 4 सेंटिमीटर. आणि आकडे आपापसांत किती विस्कटलेत ती चल त्रुटी, तीही 4च्या वर."

मग तिने आईच्या भाकऱ्या मोजल्या. सगळ्या 22. म्हणजे आईची स्थिर त्रुटी 2 आणि माझी शून्य. पन्नास वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईला मी एका सकाळीत मागे टाकलं होतं. तसं मी बोलूनही दाखवलं.

"तव्याएवढी होते," आई वर न बघता म्हणाली.

स्थिर त्रुटी ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, हे भाचीने सांगितलं तेव्हा मात्र मी दचकलो. 1796 साली इंग्लंडमधल्या ग्रिनिचच्या वेधशाळेत तिथले प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी डेव्हिड किनेब्रुक नावाच्या मदतनिसाला कामावरून काढलं. तारा दुर्बिणीतली तार ओलांडतो ती वेळ तो त्यांच्यापेक्षा सुमारे 0.8 सेकंद उशिरा नोंदवायचा. पुढे बेसेल या ज्योतिर्विदाने दाखवलं, की निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदींत असा फरक पडतोच. पण बिचाऱ्याची नोकरी गेली ती गेलीच. आमच्या ऑफिसात 0.8 सेकंद उशीर मोजायला लागले तर रखवालदारसुद्धा उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी प्रतिक्रियाकाळ, म्हणजे काही दिसल्यापासून हात हलेपर्यंतचा वेळ. भाचीने 30 सेंटिमीटरची पट्टी माझ्या चिमटीत उभी धरली आणि न सांगता सोडली. मी ती 24वर पकडली. पट्टी किती घसरली त्यावरून वेळ काढतात: 0.22 सेकंद. "ठीक आहे," ती म्हणाली. माझी छाती फुगली. भाकरी मात्र फुगली नव्हती, ती तव्यावर करपत होती.

आता 0.22 सेकंदांचा माणूस भाकरी करपवतो कशी? त्याला 1952 सालचा हिक या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग आहे. समोर एकच दिवा असला तर बोट पटकन हलतं. दिवे वाढवत नेले, प्रत्येकाचं बटण वेगळं ठेवलं, की कुठलं दाबायचं हे ठरवण्यात वेळ जातो. माझ्यासमोर तव्यावरची भाकरी होती, कुकरची तिसरी शिट्टी होती, दारात दूधवाला होता आणि डाव्या हाताला पीठ. मी आधी दूधवाल्याला उत्तर दिलं. धावत येऊन भाकरी बोटांनी उलटायला गेलो, तेव्हा हात मात्र विजेच्या वेगाने मागे आला. भाची म्हणाली, हे मोजायचं नाही, चटका बसला की मेंदूला न विचारता मज्जारज्जूच हात मागे घेतो. घरात आपल्याला कोणी विचारत नाही इथवर ठीक होतं.

तिसऱ्या रविवारी ओळीने सहा भाकऱ्या 20च्या आसपास आल्या. मी टाळीसाठी हात पुढे केला. "आत्ता जमलं म्हणजे शिकलास असं नाही," ती म्हणाली. "आठ दिवस पिठाला हात लावायचा नाही. मग परीक्षा." आणि तिने एका रुग्णाची गोष्ट सांगितली. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नवं काही लक्षात राहत नसे. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केलंय हे त्याला दर दिवशी नव्यानेच सांगावं लागे. माझं नेमकं उलटं आहे. केल्याचं सगळं आठवतं, बायकोला रोज रंगवून सांगतोही. हातांना काही ठाऊक नसतं.

आठ दिवसांनी परीक्षा झाली: 17, 17, 16, 18, 17, 17. भाचीने दोनदा मोजलं. स्थिर त्रुटी उणे 3, चल त्रुटी एक सेंटिमीटरसुद्धा नाही. "मामा, आता तू दर वेळी तीच चूक करतोस!" ती आनंदाने ओरडली.

आईने सहाही भाकऱ्या एकीवर एक रचल्या, कडा बोटाने चाचपून बघितल्या आणि म्हणाली, "माळ्यावरचा छोटा तवा काढ रे."