वर्ग कुणी झाडायचा?

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. कुठल्याशा जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन मुली वर्ग झाडत होत्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो गावभर फिरला आणि बाईंना नोटीस आली. त्यावर पुण्यातल्या माझ्या चुलतभावानं लिहिलं, "पोरं शिकायला पाठवायची की झाडू मारायला?" खाली अंगठ्यांची रांग लागली. धाकट्या चुलतभावाची बायको खटाव तालुक्यात प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. तिनं एवढंच लिहिलं, "आता पोरांना खाली पडलेला खडू उचल म्हणायचीही भीती वाटते." तिला कुणी अंगठा दिला नाही.

मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. याच दादानं मध्यंतरी जपानी मुलं फरशी पुसताहेत असा व्हिडिओ टाकून खाली लिहिलं होतं, "याला म्हणतात संस्कार!" म्हणजे टोकियोच्या पोरानं पुसलं की संस्कार आणि सातारा जिल्ह्यातल्या पोरीनं झाडलं की पिळवणूक. असं कसं चालेल?

मी त्याच टोकियोत राहते, एदोगावा वॉर्डात. निशिकासाईच्या बाजारात भाजी घेताना मागून मराठी ऐकू येतं, इतके आपले लोक इथं आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांची मुलं इंडियन स्कूलमध्ये जातात. आम्ही लेकीला वॉर्डच्या शाळेत घातलं, ती आता चौथीत आहे. त्यामुळे फरशी पुसण्याबद्दल मी व्हिडिओ बघून बोलत नाही.

शाळा पालकांसाठी खुली असते त्या दिवशी मी दुपारपर्यंत थांबते. क्युशोकु, म्हणजे शाळेतलं जेवण, झालं की मुलं खुर्च्या उलट्या करून बाकांवर ठेवतात, बाकं मागं ढकलतात आणि अर्धा वर्ग मोकळा होतो. कुणी केर काढतं, तर कुणी झोकिन, म्हणजे पुसायचं फडकं, बादलीत बुचकळून पिळतं. मग चार-पाच जण ओणवे होऊन, दोन्ही तळहात फडक्यावर टेकून, फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत धावत सुटतात. बाई स्वतःही एक कोपरा पुसत असतात. पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपतं आणि मुलं पाचव्या तासाला बसतात.

पण त्या वर्गातली खरी बघण्यासारखी वस्तू झोकिन नव्हे. फळ्याशेजारी पुठ्ठ्याच्या दोन चकत्या एकावर एक, मधोमध पिनेनं अडकवलेल्या असतात. बाहेरच्या चकतीवर जागा लिहिलेल्या: वर्ग, व्हरांडा, जिना, हात धुवायची जागा, संडास. आतल्या चकतीवर गटांचे आकडे. सोमवारी आतली चकती एक घर पुढं सरकते. बस, एवढंच. डॉक्टरची मुलगी, दुकानदाराचा मुलगा, आमची परदेशी लेक, सगळ्यांवर ती चकती सारखीच फिरते आणि संडासही सगळ्यांच्या वाट्याला येतो. माझी लेक पहिल्यांदा त्या गटात आली तेव्हा घरी येऊन तिनं मला ब्रश कसा धरायचा ते शिकवलं. माझ्या आईनं फोनवर हे ऐकलं आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

वाढणंही मुलांचंच. पांढरा अंगरखा, डोक्याला टोपी, नाकातोंडावर मास्क आणि हातात डाव. सूप शेवटच्या मुलापर्यंत पुरलं पाहिजे, म्हणून पहिल्याला किती वाढायचं याचा अंदाज पहिलीतलं पोरसुद्धा शिकतं. शुक्रवारी तो अंगरखा घरी येतो. धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत द्यायचा, कारण तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच मुलाच्या अंगात जाणार असतो. शाळेतल्या जेवणाचा इथला कायदा १९५४ चा, आणि त्यात जेवण हा शिक्षणाचाच भाग धरलेला आहे. आम्ही गाय-डुक्कर खात नाही. महिन्याचा तक्ता घरी आला की मी त्यावर लाल खुणा करते, आणि त्या दिवशी लेक डबा नेते. तिच्या गटातली मुलं तेवढा पदार्थ तिच्या ताटात वाढत नाहीत आणि बाकीचं बरोबर वाढतात. कुणी चकार शब्द काढत नाही.

दादाचं म्हणणं, हे जपानी संस्कृतीत आहे, आपल्यात नाही. हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं. कारण दादा शिकला रयतच्या शाळेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात, म्हणजे आमच्याच कराड तालुक्यात, ती संस्था काढली. १९२४ साली साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहायची, एका पंगतीत जेवायची आणि स्वतःची कामं स्वतः करायची. 'कमवा आणि शिका' हे आपलंच. कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन अख्खं गाव झाडणारे गाडगेबाबा आपलेच. सरकारनं ग्रामस्वच्छतेच्या अभियानाला त्यांचं नाव दिलं, आणि त्यांच्याच महाराष्ट्रात मुलांच्या हातात झाडू दिसला म्हणून बाईंना नोटीस येते. इजिप्तसारख्या देशानं २०१८ पासून जपानी धर्तीच्या शाळा काढल्या, त्यात वर्गाची सफाई मुलांनी करायची हे आवर्जून घेतलं. आपल्याला तर कुणाकडून उसनं आणायचीही गरज नव्हती.

आणि झाडणार कोण, हेही विचारायला हवं. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना शिपाई नसतो. दोन शिक्षक, चार इयत्ता, त्यात खिचडीचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती भरणं. दादाच्या मुलाच्या शाळेत हाउसकीपिंगच्या गणवेशातली माणसं दिवसभर फरशा पुसत असतात. त्याला झाडूचा अपमान वाटतो, कारण त्याच्या घरात आणि शाळेत तो धरणारी माणसं ठरलेली आहेत.

इथपर्यंत मी ग्रुपवर लिहिलं. यापुढचं तिथं लिहिलं नाही, ते इथं लिहिते.

आमच्या गावच्या शाळेत शनिवारी सारवण असायचं. आम्ही मुली घरून शेण न्यायचो, मुलं आडावरून पाणी आणायची. ओल्या शेणाचा वास, बोटांचे अर्धगोल उमटलेली जमीन, ती वाळेपर्यंत बाहेर चिंचेखाली म्हटलेले पाढे. हे मला अजून इतकं लख्ख आठवतं की इथल्या लाकडी फरशीच्या वर्गात उभी असतानाही नाकात तो वास येतो. पण त्या शाळेची मुतारी होती, आणि ती धुवायला दरवेळी तीच दोन मुलं जायची. पलीकडच्या वस्तीतली. त्यांना कुणी सांगितलेलंही मी ऐकलं नाही, सांगायची गरजच पडत नसे. आम्ही सारवलं, त्यांनी मुतारी धुतली, आणि शाळेला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं.

डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत दलित मुलांना शौचटाकीत उतरवल्याची बातमी आली, तेव्हा मला ती दोन मुलं आठवली. म्हणून दादाच्या रागातला एक धागा मी सोडून देत नाही. शाळेच्या नावाखाली कुणाच्या पोराला काय करायला लावतील याची भीती ज्या घरांना वाटते, ती खरी आहे. दादाच्या घराला ती कधी वाटलेली नाही, पण ज्यांना वाटते त्यांच्यापुढं जपानचं कौतुक सांगून भागत नाही. त्या व्हिडिओतही दोन्ही मुलीच होत्या. मुलगे कुठं होते? याबद्दल शंभर मेसेजांत कुणी विचारलं नाही. नोटीस द्यायचीच होती तर चकती नसल्याबद्दल द्यायची.

दादाचं ठेवणीतलं उत्तर असं, "तू तिथं बसून बोलू नकोस." ते लागतं. इथली शाळा म्हणजे स्वर्ग असंही मी म्हणत नाही. सगळ्यांना एका साच्यात बसवायची इथं इतकी सवय आहे की जे बसत नाहीत ते घरीच राहतात. २०२३ च्या शालेय वर्षात प्राथमिक आणि माध्यमिक मिळून ३ लाख ४६ हजारांहून जास्त मुलं वर्षात तीस किंवा त्याहून जास्त दिवस शाळेत गेली नाहीत. पण ती फरशी पुसायला कंटाळून घरी बसली नाहीत, एवढं मला कळतं.

आणि मी 'तिथं' बसलेय म्हणजे नक्की कुठं? परदेशी मुलांना इथं सक्तीचं शिक्षण लागू नाही. जपानी घरांना शाळेची सूचना येते, आम्हाला माहितीपत्रक येतं. घ्या माझ्या मुलीला, म्हणून मी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला, तेव्हा तिला घेतलं. घेतल्यावर मात्र सगळं सगळ्यांसारखं. सकाळी चौकात पिवळा झेंडा धरून उभं राहायची पाळी मलाही येते, आणि पिवळ्या टोप्यांची ओळ माझ्या झेंड्याखालून रस्ता ओलांडते. भूकंपाच्या सरावात मैदानावर रांगेत उभं राहून मी माझं नाव सांगते, बाई कार्ड तपासतात आणि लेक माझ्या ताब्यात देतात. या देशात माझं नाव कुणाच्या तरी जबाबदारीच्या यादीत लिहिलेलं असेल, तर ते त्या कार्डावर आहे. व्हिसाची मुदत मात्र दर काही वर्षांनी संपते. आणि गावी गेलं की लेकीच्या हातातून केरसुणी काढून घेतात, "अगं पाव्हणी तू, ठेव ती, बाई येईल." ती मला जपानीत विचारते, कोण बाई, आणि ती आपल्या ताटाजवळचं का झाडणार? तिला मी सांगितलेलं उत्तर मलाच पटलं नाही.

परवा खटावच्या शिक्षिका वहिनीचा फोन आला. तिला त्या चकतीचा फोटो हवा होता. मी पाठवला. तिनं वहीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तशीच केलीय, बाहेर वर्ग, ओटा, झाडांना पाणी, ताटं. मुलगे-मुली मिसळून गट पाडलेत. शिक्षक म्हणून स्वतःचं नावही आत घातलंय. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानंच तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांच्यापुढं ती हे ठेवणार आहे, म्हणजे उद्या कुणी मोबाइल काढला तर ठराव दाखवता येईल. फक्त संडास तिनं चकतीवर लिहिलेला नाही. नळ तिथपर्यंत पोचत नाही, पोरं बादल्या वाहतात. पाणीच नसताना ते काम पोरांच्या गळ्यात घालायला तिचं मन होत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

मग मी ग्रुपवर लिहिलं की टाकीपासून संडासापर्यंत पाइप टाकायचा खर्च वहिनीनं काढून पाठवावा, लोकवर्गणीत माझा वाटा मी आजच पाठवते. दादा, तुझा किती लिहू?