स्वल्पविरामाचं सोवळं (एका प्रतिक्रियेला उत्तर)

पर्लवाल्यांच्या सह्यांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली 'अनामित' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. (पर्ल ही प्रोग्रॅमिंगची एक भाषा. ती वापरणारे लोक आपल्या संदेशांखाली सहीच्या जागी 'जस्ट अनदर पर्ल हॅकर,' हे वाक्य छापणारा छोटा प्रोग्रॅम द्यायचे, शेवटच्या स्वल्पविरामासकट. ही रीत पाडली रँडल श्वार्ट्झने.) प्रतिक्रिया उडवलेली नाही, उडवणारही नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी ती जशीच्या तशी देतो:

"काका, लेख ठीक, पण आठवणींचं लोणचं जरा जास्तच मुरलंय. शेवटचा स्वल्पविराम हा नियम वगैरे काही नाही. श्वार्ट्झच्या सहीत होता म्हणून चिकटला, आणि तुमच्या पिढीने त्याचं सोवळं केलं. कुठेही न लिहिलेले नियम नव्या माणसाला कळणार कसे? ते त्याला बाहेर ठेवायलाच असतात. असल्या कोडमुळेच पर्ल 'लिहिता येते, वाचता येत नाही' अशी बदनाम झाली. आज मेलखाली असलं काही दिसलं तर सिक्युरिटीवाले मशीनच काढून नेतील. आणि ऑब्फस्केटेड सी स्पर्धा १९८६ ची नाही, १९८४ ची आहे. खाली माझी सही. दोन मिनिटांत केली, तुमचा एकही नियम न पाळता :)"

१९८४ बरोबर आहे (ही स्पर्धा सी या भाषेत मुद्दाम दुर्बोध प्रोग्रॅम लिहिण्याची). चूक माझी, दुरुस्त केली, आभार.

आता 'काका'. माझ्या पुतण्यांनी मला काका म्हणावं, सोसायटीतल्या पोरांनीही म्हणावं, रिक्षावाल्याने म्हटलं तरी मी वळून बघतो. पण ज्याने स्वतःचं नाव लिहिलेलं नाही, वय सांगितलेलं नाही, त्याने पहिल्याच शब्दात मला काका करायचं आणि त्याच दमात लोणच्याच्या बरणीत घालायचं, याला आमच्याकडे आगाऊपणा म्हणतात. मतभेद असायला हरकत नाही. सूर बघा आपला, एवढंच.

आणि 'सोवळं'. सोवळं काय असतं ते मी पाहिलेलं आहे. वाईला आजोळी आजी सोवळ्यात असली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची सोय नव्हती. तहान लागली तर बाहेरूनच सांगायचं. का, असं विचारलं तर उत्तर नव्हतं. स्वल्पविरामाचं का, याला उत्तर आहे. तुम्ही ते न विचारताच योगायोग ठरवून मोकळे झालात, म्हणून आता सविस्तर सांगतो.

पर्लचा कर्ता लॅरी वॉल याने तिची पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ ला सोडली. त्यानंतर लवकरच, म्हणजे त्याच दशकाच्या अखेरीस, रँडल श्वार्ट्झ यूझनेटवरच्या (म्हणजे जुन्या काळच्या चर्चागटांच्या जाळ्यावरच्या) आपल्या संदेशांखाली 'जस्ट अनदर पर्ल हॅकर,' असं लिहू लागला. त्याआधी तो 'जस्ट अनदर अमुक हॅकर,' असं विषयाप्रमाणे बदलून लिहायचा. मग तेच वाक्य छापणारा छोटा पर्ल प्रोग्रॅमच तो सहीच्या जागी देऊ लागला. लोकांनी ते उचललं, आणि हे साधं वाक्य जितक्या आडवळणाने छापता येईल तितकं छापायची चढाओढ लागली. याला 'जाफ' म्हणतात, त्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून. पर्लसोबत जी अधिकृत प्रश्नोत्तरं येतात त्यांत जाफ म्हणजे काय हा प्रश्न आहे आणि उत्तरातलं वाक्य स्वल्पविरामासकट आहे. तुमच्या मशीनवर पर्ल असेल तर ती प्रश्नोत्तरंही बहुतेक असतील. उघडून बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आता तो स्वल्पविराम तिथे करतो काय? तुम्ही कधी कागदावर पत्र लिहिलं असेल असं धरून चालतो. 'कळावे, लोभ असावा', मग खालच्या ओळीत 'आपला नम्र,' आणि त्याखाली नाव. 'आपला नम्र' नंतर पूर्णविराम दिलेला कधी पाहिलात? नाही देत, कारण वाक्य अजून संपलेलं नसतं, माणूस यायचा असतो. इथेही तेच. 'आणखी एक पर्लवाला,' आणि मग खाली नाव. स्वल्पविराम काढला की ती सही राहत नाही, दारावरची पाटी होते. श्वार्ट्झच्या सहीत तो आला हा योगायोग असेल, तर 'आपला नम्र' पुढचाही योगायोगच म्हणायचा.

हे मला कुणी शिकवलं? १९९८ साली पुण्यात माझ्याकडे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीचं नुसत्या अक्षरांचं इंटरनेटचं शेल खातं होतं. चित्र नाही, रंग नाही. रात्री उशिरा लाइन मिळायची, ती मोडेमच्या किंकाळीसकट. न्यूजग्रुपमधले, म्हणजे यूझनेटवरच्या चर्चागटातले, संदेश उतरवून घ्यायचे, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायचे. तिथे मी माझी पहिली सही पाठवली. आठवडाभर खपलो होतो. दोन दिवसांनी एक उत्तर आलं, आणि त्या उत्तरात एकच चिन्ह होतं. स्वल्पविराम. ना शिवी, ना शिकवणी, ना हसरा चेहरा. मी आधी चिडलो, मग माझी सही पुन्हा वाचली, मग हसलो. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पाठवली तेव्हा दोघांनी ती सोडवून दाखवली. कुणी मला उंबऱ्याबाहेर ठेवलं नाही. तुमचं म्हणणं असं की असल्या नियमांनी नवा माणूस बाहेर राहतो. मीच तो नवा माणूस होतो, तोही वाईचा, इंग्रजी धड न येणारा. राहिलो का बाहेर?

बरं, स्वल्पविराम चिकटला म्हणता, तर तो कसा चिकटवला जायचा तेही बघा. त्या काळी सह्यांत फिरणारा एक जुना जाफ आहे, मी चौकडीच्या वहीत सोडवलेला. (सोडवून दाखवणं हे दुसऱ्याचं काम, आपली सही आपण उलगडायची नाही, हाही एक न लिहिलेला नियम. ही माझी नाही, म्हणून चालेल.) त्यात २७ अक्षरांची एक विस्कटलेली ओळ असते: के, आर, मोठा जे, एच, आर, यू, अशी. बाकी सगळं काम एका छोट्या आदेशाचं: पुढची तीन अक्षरं घे, पहिली दोन रांगेच्या शेवटी पाठव, तिसरं छाप, पुन्हा तेच. लहानपणी राज्य कुणावर हे ठरवायला आपण गोल करून मोजत एकेकाला सोडवायचो, तसंच. पहिला सुटतो जे, मग यू, मग एस, मग टी. पहिल्या फेरीत नऊ सुटतात, दुसरीत सहा, तिसरीत चार. स्वल्पविराम असतो २३ व्या जागेवर. तो पाच वेळा मागे पाठवला जातो आणि सहाव्या वेळी सुटतो, सगळ्यांत शेवटी. मागे उरतात आर आणि सी, दोनच, आणि तीन झाल्याशिवाय मोजणी होत नाही म्हणून प्रोग्रॅम थांबतो. 'पर्ल'चा पी त्यात लहान लिपीतला आहे, हे कुणी सांगायच्या आत मीच सांगतो.

ज्याने ते रचलं त्याने उलटं मोजत शेवटच्या स्वल्पविरामापासून सुरुवात केली असणार. मी ते वहीत पेन्सिलीने खोडत खोडत सोडवलं, तीन संध्याकाळी गेल्या. तुम्ही म्हणता सोवळं. असो.

न लिहिलेल्या नियमांबद्दलही तुमचा गैरसमज आहे. सही चार ओळींच्या वर जाऊ नये, हे लोक पाळत होते. मग ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ या शिष्टाचाराच्या टिपणात ते लिहिलं गेलं. रीत आधी, कागद नंतर. पंगतीत वाढप्याने आधी मीठ का वाढावं हे कुठल्या कागदावर आहे? तरी सगळ्यांना कळतं ना?

बदनामीचं म्हणाल, तर सही ही सही असते आणि कामाचा कोड हा कामाचा कोड. दोन्ही एकत्र करायचे नसतात हे मला माहीत आहे, कारण मी केले होते. २००३ साली एका ऑफिसात (नाव नको) पगाराची फाइल बनवणाऱ्या माझ्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला मी हौसेने एक जाफ घातला. तो छापला गेला थेट फाइलीतच, पहिल्या ओळीच्या आधी. फाइलीतले रकाने स्वल्पविरामाने तोडलेले. त्यामुळे पहिल्या कर्मचाऱ्याचं नाव 'जस्ट अनदर पर्ल हॅकर' झालं आणि बिचाऱ्याचं खरं नाव खातेक्रमांकाच्या रकान्यात सरकलं. पगार दोन दिवस उशिरा झाला. मी स्वतः जाऊन त्यांची माफी मागितली. यावरून तुम्ही काही सिद्ध करायला जाल, म्हणून आधीच सांगतो: स्वल्पविरामाचा त्यात दोष नव्हता.

सिक्युरिटीचं तर तुम्ही मला सांगूच नका. अनोळखी सही आधी वाचायची, मग चालवायची, हा आमचा सगळ्यांत जुना नियम. जवळजवळ नुसत्या विरामचिन्हांची एक पर्लची ओळ अजून फिरते. चालवणाऱ्याच्या फायली पुसते ती. आमच्यातल्या निम्म्यांनी सह्या न वाचताच चालवल्या असतील असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे.

तर तुमची सही. मी चालवली नाही, वाचली. सोळाच्या पायाचे आकडे एका लांबलचक ओळीत कोंबलेत आणि पॅक नावाच्या फंक्शनने त्यांची अक्षरं केलीत. हिला आम्ही सही धरत नाही. आकड्यांच्या डब्यात कुठलंही वाक्य मावतं, किराणा मालाची यादीसुद्धा. वाक्य आणि युक्ती यांचा एकमेकांशी काहीतरी संबंध लागतो. पण तेही सोडा. मी आकडे मोजले. ५० भरले. दोन आकड्यांचं एक अक्षर, म्हणजे २५ अक्षरं. 'जस्ट अनदर पर्ल हॅकर' इंग्रजीत मधल्या मोकळ्या जागा धरून २४ होतं. मग मी शेवटची जोडी पाहिली. २सी. दशमानात ४४. आस्की तक्त्यात (प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला एक आकडा देणाऱ्या) ४४ वर काय बसतं ते बघा, तक्ता कुठेही मिळेल.

दोन मिनिटांत केलीत म्हणता. कुठून उचललीत ते विचारत नाही.

१९८४ ची दुरुस्ती मूळ लेखात आजच केली आहे आणि तिथे 'एका वाचकाने लक्षात आणून दिलं' असं लिहिलंय. नाव लिहिता आलं नाही, कारण तुम्ही स्वल्पविराम दिलात आणि पुढे काहीच लिहिलं नाहीत.