व्यावसायिक गोल्फपटू होऊ इच्छिणाऱ्यांस हिताच्या चार गोष्टी

विसाव्या शतकाच्या आरंभी व्यावसायिक गोल्फपटू म्हणून नाव काढण्याची आपली मनीषा असेल, तर सर्वप्रथम जन्म योग्य घरी घ्यावा. वडिलांची बँक किंवा गिरणी असल्यास आपले काम बिघडलेच असे समजावे. कारण मग आपण हौशी खेळाडू व्हाल, नावामागे ‘मिस्टर’ लागेल आणि पैशासाठी खेळण्याचे सुख कायमचे अंतरेल. पुढे नामांकित झालेला अमेरिकन व्यावसायिक गोल्फपटू वॉल्टर हेगन याने १८९२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये जन्म घेतला तो लोहाराच्या घरी. येथवर त्याचे वर्तन निर्दोष होते.

त्यानंतर गावातल्या श्रीमंतांच्या क्लबात कॅडी म्हणून लागावे, लोकांच्या पिशव्या वाहाव्यात आणि त्यांनी झुडपात घालवलेले चेंडू आनंदाने शोधून द्यावेत. पुढे क्लबाच्या दुकानात बसून गोल्फच्या काठ्यांसाठी हिकरी लाकडाच्या दांड्या तासाव्यात, मुठीवर चामड्याची पट्टी गुंडाळावी, काठीचे डोके आणि दांडी जेथे जुळते तेथे डांबर लावलेला दोरा घट्ट आवळून बांधावा आणि हाताला चिकटलेले डांबर पुसत बाहेर येऊन, ज्यांना चेंडूला काठी लावणेही जमत नाही अशा सभासदांना ‘आज हात फार छान बसला आहे, साहेब’ असे सांगावे. हे शेवटचे कौशल्य सर्वांत अवघड; त्यापुढे बंकरमधून, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू काढणे म्हणजे पोरखेळ.

एवढे साधले की स्पर्धेच्या छापील यादीत आपले आडनाव येईल. नुसते आडनाव, ‘मिस्टर’ ही उपाधी हौशी मंडळींसाठी राखीव असते. क्लबहाऊसच्या पुढच्या दाराचेही तसेच. आपण दुकानात कपडे बदलावेत, तेथेच डबा खावा आणि त्या दाराकडे लांबून पाहून प्रसन्न व्हावे.

हेगनने मात्र पुढे कुलक्षणे दाखवली. १९१३ च्या अमेरिकन ओपनमध्ये तो चौथ्या जागी बरोबरीत राहिला, तेवढे ठीक होते. परंतु १९१४ साली शिकागोजवळ मिडलोथियन येथे, आदल्या रात्री खाल्लेल्या लॉब्स्टरने पोटाचे हाल केलेले असताना, या गृहस्थाने पहिली फेरी अवघ्या ६८ फटक्यांत संपवली आणि स्पर्धाच जिंकली. तब्येतीचे कारण सांगून घरी जाण्याची इतकी उत्तम संधी आपण कधीही दवडू नये.

खरा अनर्थ १९२० च्या उन्हाळ्यात झाला. इंग्लंडमधील डील येथे ब्रिटिश ओपन होती आणि व्यावसायिकांना क्लबहाऊसमध्ये मज्जाव होता. सुसंस्कृत माणसाने अशा वेळी कोट खुंटीला अडकवून निमूट खेळायला जावे. हेगनने काय करावे? त्याने एक भली मोठी ऑस्ट्रो-डेमलर मोटार शोफरसह भाड्याने घेतली, ती थेट क्लबहाऊससमोर उभी केली आणि तिच्यातच बूट-कपडे बदलू लागला. आत खिडकीशी बसलेल्या सद्गृहस्थांच्या जिवाला काय वाटले असेल, याचा त्याने क्षणभरही विचार केला नाही. तो ५३वा आला, तेव्हा त्यांना थोडा दिलासा मिळाला असावा. तथापि १९२२ साली इंग्लंडमधल्याच सँडविच गावी तो ब्रिटिश ओपनला पुन्हा आला, अमेरिकेत जन्मलेला पहिला विजेता ठरला आणि बक्षिसाची रक्कम त्याने कॅडीच्या हातावर ठेवली. पैशासाठी खेळणाऱ्याने पैशाची अशी बेअदबी केली, तर हौशी लोकांनी मिरवायचे तरी कशावर?

१९२३ साली स्कॉटलंडमधील ट्रून येथे याच स्पर्धेत तो एका फटक्याने दुसरा आला. क्लबाने मोठ्या मनाने त्याला बक्षीस समारंभापुरते आत बोलावले. अशा प्रसंगी टोपी हातात घेऊन, पायपुसण्यावर दोनदा पाय पुसून आत शिरावे. हेगनने आमंत्रण नाकारले आणि जमलेल्या लोकांना आपल्याबरोबर गावातल्या पबमध्ये येण्याचे निमंत्रण दिले.

वस्तू सांभाळण्याच्या बाबतीतही त्याचा आदर्श ठेवू नये. पीजीए, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेची, स्पर्धा त्याने पाच वेळा जिंकली, त्यांतल्या चार १९२४ पासून ओळीने, आणि त्या धामधुमीत चषकच हरवला. टॅक्सीतून पुढे पाठवला होता, असे त्याचे म्हणणे. १९२८ मध्ये लिओ डिगेल जिंकला, तेव्हा त्याला देण्यासाठी चषकच नव्हता. पुढे १९३० साली हा चषक डेट्रॉइटमध्ये एका खोक्यात सापडला.

असल्या माणसाची संगत इतरांनाही बाधते. १९२० सालच्या डीलच्या स्पर्धेनंतर थोड्याच आठवड्यांनी अमेरिकन ओपन ओहायोतल्या टोलेडो शहरी, इनव्हर्नेस क्लबात झाली आणि या क्लबाने व्यावसायिकांना चक्क क्लबहाऊस उघडून दिले. माणसे पुढच्या दाराने आत गेली, खुर्च्यांवर बसली. छत कोसळले नाही. व्यावसायिकांनी वर्गणी काढून क्लबाला एक उंच घड्याळ भेट दिले. आपणांस ते पाहण्याचा मोह झालाच, तर आधी मागच्या दाराची चौकशी करावी. सवय मोडू देऊ नये.