हौसेला मोल नाही, ट्यूबला आहे

कोल्हापुरात खेळणाऱ्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. नंबर कितवा आला आणि बक्षीस काय मिळालं. कुस्तीला इनाम असतं, गदा असते, गेला बाजार फेटा आणि नारळ तरी असतो. फुटबॉलला पेठेची इज्जत असते. आम्हा हौशी ट्रायथलॉनवाल्यांची पंचाईत अशी की आम्ही आधी प्रवेश फी भरतो, मग पोहतो, मग सायकल मारतो, मग पळतो आणि शेकड्यात कुठंतरी मधला नंबर काढून खुशीत घरी येतो. “म्हंजे पैसं बी तुमीच दिलं आनि पळलासा बी तुमीच?” असं कट्ट्यावर कुणी विचारलं की बोलणं दुसरीकडं वळवावं लागतं.

खरं तर हा खेळ पैजेतूनच निघालाय, म्हणजे कोल्हापूरला परका नसावा. पोहणारा दमदार, सायकलवाला की पळणारा, असा वाद हवाई बेटांवर पेटला आणि जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं तिन्ही एकापाठोपाठ लावून टाकलं. १९७८ साली पंधरा जण उतरले, बाराजणांनी पुरं केलं. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ पळणं. आज त्याला सतरा तासांची मुदत असते. ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनीला हा खेळ आला तो बराच आटोपशीर होऊन: दीड, चाळीस आणि दहा. आमच्यासारख्यांचा जीव बहुतेक वेळा निम्म्या अंतरात अडकलेला असतो: १.९, ९० आणि २१.१. गोव्यात २०१९ मध्ये ही शर्यत सुरू झाल्यापासून ‘गोव्याला चाललोय’ म्हटल्यावर घरचे वेगळ्याच संशयानं बघायला लागले, ते सोडा.

एकदा हट्टानं अशी शर्यत कुणीही पुरी करतो. वीस-तीस वर्षं करत राहणं हा निराळा मामला आहे. ठरलेला क्रम असा: पहिल्या वर्षी महागडी सायकल, दुसऱ्या वर्षी गुडघा, तिसऱ्या वर्षी सायकलवर टॉवेल वाळत घातलेला.

पाण्यापासून सुरुवात करू. आपल्याकडचा माणूस पोहायला शिकतो तो पाठीला डबा बांधून विहिरीत. त्यामुळं मुटका फर्मास मारता येतो आणि डोकं वर ठेवून तासभर पाण्यात गप्पाही मारता येतात. शर्यतीत नेमकं हेच नडतं. डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, अंग पाण्याला आडवं येतं आणि निम्मी ताकद स्वतःलाच ढकलण्यात जाते. नजर तळाकडं, श्वास मान वळवून, उचलून नाही. हे एवढं बदलायला अख्खा उन्हाळा जातो. पंचवीस मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ७६ लांब्या. मोजणी साधारण तिसाव्या लांबीला चुकते, म्हणून चारचारचे गठ्ठे करून मोजायचे. मोकळ्या पाण्यात भिंतही नसते आणि तळाची रेघही नसते, तेव्हा दर सहा-आठ हातांनी डोळे तेवढे पाण्यावर काढून समोरचा बोया बघायचा. न बघता सरळ पोहतो असं वाटणारा माणूस हमखास एका बाजूला वाहवत जातो. गॉगलला आतून बेबी शाम्पूचा एक थेंब लावून हलकं विसळलं की वाफ धरत नाही. मानेला आणि काखेत व्हॅसलीन, नाहीतर खाऱ्या पाण्यात कातडं सोलतं आणि रात्री अंघोळीच्या वेळी शेजाऱ्यांना कळतं.

सुरुवातीच्या गर्दीत मागचा माणूस तुमचा पाय धरतो. कोल्हापूरकराचा पहिला विचार असा होतो की यानं कुस्तीतला पट काढला. उलटा डाव टाकायचा नाही. कडेनं पोहायचं, वीस-तीस मीटर जास्त पडले तरी चालतील.

सायकल हा खरा खर्चाचा आणि म्हणूनच खोटं बोलण्याचा प्रांत. किंमत विचारली की प्रत्येक सायकलवाला एक शून्य गिळतो.

आमचा नेहमीचा रस्ता शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ आणि वर पन्हाळा. जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर, आणि गड शहरापेक्षा साधारण ४०० मीटर उंच. यातली मेख अशी की केर्लीपर्यंत पाय ताजे असतात, रस्ता बरा असतो आणि पुढं कुणीतरी ओळखीचा दिसत असतो. त्याला गाठायला म्हणून जो सुटतो तो वाघबीळाच्या चढाला ज्योतिबाचा धावा करत पोचतो. चढाच्या आधी, खालीच, दोन घोट प्यायचं. चढ लागायच्या आत हलका गिअर टाकायचा, कारण जोर देत असताना साखळी पुढच्या लहान चकतीवर उतरवायला गेलं की ती निसटून फ्रेमला अडकते. पायाचे फेरे मिनिटाला सत्तरच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, नाहीतर सगळा भार गुडघ्यावर. उतारावर ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाच्या आधी दाबायचा, वळणात सोडायचा. वर गेल्यावर झुणका-भाकरी आणि कणीस दिसतं. तिथं बसलेला माणूस खाली आल्यावर पळायला जात नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

आता पंक्चर. गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या येतात: मागं दिवा नाही, पुढं गाणी मोठ्यानं, आणि सगळीकडं उसाची चिपाडं. पण चिपाडानं टायर जात नाही. टायर जातो हायवेच्या कडेला पडलेल्या केसाएवढ्या तारेनं. ट्रकचा टायर फुटला की त्यातल्या पोलादी तारा सुट्या होऊन पसरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत.

सायकल ढकलत पंक्चरच्या दुकानात गेलात तर पुढचा प्रसंग पाठ असतो. आपल्या ट्यूबचा व्हॉल्व बारीक, लांब, टोकाला फिरकी असलेला प्रेस्टा जातीचा. दुकानातला पाइप मोटारसायकलच्या जाड व्हॉल्वचा. दुकानदार दोन्ही बाजूंनी बघतो, “हे कंच्या देशाचं?” म्हणतो आणि आपण ‘हां हां, दाबू नका’ म्हणेपर्यंत आतली पिन वाकवतो. म्हणून पितळेचा छोटा अडॅप्टर सीटखालच्या पिशवीत कायम ठेवायचा. रुपयांत सांगायची लाज वाटावी एवढा स्वस्त असतो, आणि म्हणूनच कुणाकडं नसतो. तो बसवला तरी कॉम्प्रेसरची कळ हलकेच, टप्प्याटप्प्यानं. पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरच्या टायरला सत्तर किलोच्या माणसासाठी हवेचा दाब ८० ते ९० पीएसआय पुरतो, आणि टायरच्या कडेला छापलेला आकडा ही मर्यादा असते, निशाणा नव्हे.

त्यापेक्षा स्वतः बदलावी. मागचं चाक असेल तर आधी साखळी सगळ्यात लहान चकतीवर आणायची. उरलीसुरली हवा काढायची. टायरची कड दोन्ही बाजूंनी रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत जायचं, म्हणजे समोरची बाजू सैल होते. मग व्हॉल्वच्या विरुद्ध बाजूला टायर उचकटायचे दोन लिव्हर. जुनी ट्यूब काढल्यावर लगेच नवी घालणारा माणूस दहा मिनिटांत पुन्हा तिथंच बसलेला दिसतो, कारण तार टायरमध्येच असते. ट्यूबचं भोक शोधायचं, ट्यूब टायरला लावून जागा हेरायची आणि तिथं आतून बोट फिरवायचं, सावकाश, नाहीतर तार बोटात जाते. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर तार शोधू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेचली, इतकंच. नवी ट्यूब घालण्याआधी तिच्यात गोल होण्यापुरती फुंकर मारायची, टायर व्हॉल्वच्या विरुद्ध बाजूनं बसवत आणून व्हॉल्वपाशी संपवायचा, व्हॉल्व एकदा आत ढकलून ओढायचा आणि भरण्याआधी दोन्ही कडांनी ट्यूब कुठं चिमटली नाही ना बघायचं. शेवटची कड लिव्हरनं चढवण्याचा मोह होतो. त्यानंच नवी ट्यूब फाटते. अंगठ्यांनीच चढवायची. हे सगळं आठ मिनिटांत जमतं; बघ्यांची गर्दी जमली की वीस.

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचं पाणी किती फुटांवर गेलं यावर आमचं वेळापत्रक चालतं. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ वर. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं की पन्हाळा बंद आणि सायकल हॉलमध्ये ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पाय मारायच्या स्टँडवर. तिथं उतार नाही, सिग्नल नाही, पाय थांबतच नाहीत, त्यामुळं एक तास बाहेरच्या सव्वा तासासारखा जातो. पंखा समोर हवाच. हँडलवर टॉवेल टाकायचा, कारण घामातल्या मिठानं बोल्ट गंजतात. बाहेर चार दिवस ऊन नाही आणि घरात एक घामट माणूस जागच्या जागी सायकल मारतोय, हे बघून आई देवासमोर जास्त वेळ बसायला लागते.

पळण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रंकाळ्यावर सकाळी चौघं चौघं हात धरून चालणारी मंडळी आणि विद्यापीठाच्या बाजूची कुत्री, दोघांनाही वाट सोडायची. सायकलवरून उतरल्यावर पहिले दीड-दोन किलोमीटर पाय आपले नसतात. पावलं आखूड टाकायची आणि घड्याळाकडं बघायचं नाही. सवय व्हावी म्हणून आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच पंधरा-वीस मिनिटं पळायचं. बूट सहाशे-आठशे किलोमीटरला बदलायचे, तळ शाबूत दिसला तरी, कारण आतला फोम बसलेला असतो.

खाण्यात मात्र कोल्हापूर आडवं येतं. तीन तासांच्या पुढच्या मेहनतीत तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. बाजारातल्या जेलच्या पुड्या महाग. घरचं पाणी असं: एक लिटरला पाच सपाट मोठे चमचे साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. तासाला पाऊण लिटर हे आणि वर अर्ध्याहून थोडं जास्त केळं, झाला हिशोब. साखरेऐवजी गूळ चालतो, आणि कोल्हापूरला राहून साखर कशाला हा अभिमानही ठीक. पण गाळून घ्या, नाहीतर बाटलीच्या तोंडात चोथा अडकतो आणि चढावर बाटली चोखत बसावं लागतं. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही खायचं नाही. पोटालाही सराव लागतो.

आदल्या रात्री पाहुणे येतात आणि तांबडा-पांढरा होतो. कष्ट करताना रक्त पायांकडं जातं, पोटाच्या वाट्याला थोडकं उरतं. त्यात पांढऱ्यातलं नारळाचं दूध, काजू, खसखस आणि तांबड्यावरची तर्री पडली की पोट रिकामं व्हायला उशीर लावतं, आणि मग पंधराव्या किलोमीटरला हॉटेल शोधावं लागतं, जेवायला नव्हे. मिसळीचंही तेच, कट आणि फरसाण सोडा, पोट बिघडवायला मोड आलेली मटकीच पुरे होते. तिच्याबरोबरचा ब्रेड तेवढा कामाचा. तो मात्र नुसता मागितला तर मालक ओळख दाखवत नाही. संध्याकाळचा दूधकट्टा, म्हणजे समोर म्हैस पिळून ताजं दूध देतात तो, चालतो, शर्यतीनंतर. म्हशीच्या अर्ध्या लिटरमध्ये अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं मिळतात, फक्त चरबी त्याहून बरीच जास्त असते, हे धार काढणाऱ्याला सांगायला जाऊ नये.

आता वेळेचा प्रश्न. पोहणं दोनदा पाऊण तास, सायकल मधल्या वारी एक तास आणि रविवारी तीन, पळणं दोनदा चाळीस मिनिटं, जोर-बैठका दोनदा वीस मिनिटं. बेरीज साडेसात तास. घरात याला साडेसातीच म्हणतात. निम्म्या अंतराला एवढं पुरतं. यातला बराचसा भाग अगदी सावकाश करायचा असतो आणि तेच कुणाला जमत नाही. सावकाश म्हणजे किती, तर पळता पळता आडव्या आलेल्या रिक्षावाल्याला अख्खं वाक्य सुनावता आलं पाहिजे. नुसतं ‘व्हय’ निघत असेल तर वेग जास्त झाला. जोरात फक्त आठवड्यातून एक-दोनदा. दर चौथ्या आठवड्याला सगळंच तिसऱ्या हिश्शानं कमी. सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची. सलग दोन दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागली तर बूट न घालता पुन्हा झोपायचं. झोप सहा तासांच्या खाली गेली की व्यायामाचं रूपांतर आजारपणात व्हायला फार दिवस लागत नाहीत.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. माझ्या मते हौशी माणसानं रोज पायात एक किलोमीटर राखून ठेवावा. आपल्या खेळात वयाचे गट पाच-पाच वर्षांचे असतात आणि वय धरतात ३१ डिसेंबरचं. पन्नाशी लागली की लोक हळहळतात. आमच्यात पंचेचाळीस ते एकोणपन्नासच्या गटात मार खाणारा माणूस नव्या गटातला सगळ्यात तरुण म्हणून पेढे वाटतो. शिवाय वरच्या गटांत माणसं कमी कमी होत जातात. नुसतं टिकून राहिलं तरी नंबर येण्याची शक्यता आहे.

शर्यतीच्या आधी दोन आठवडे सराव जवळपास निम्म्यावर आणायचा असतो. अंग ताजं होतं आणि हातात एकदम मोकळे तास येतात. हे तास आपले आहेत असं समजू नये. त्यांची यादी घरात महिनाभर आधी तयार असते: मावशींकडची वास्तुशांत, टाकीचा गळका नळ, बँकेचं केवायसी, दळण. दळण सायकलवरून आणलं तर ते सरावात धरायचं नाही, असाही एक नियम आमच्या घरात झालेला आहे.