धक्कास्टार्ट सर

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. दहावीचा ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा तर माझा हातखंडा. एवढं आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, हा माणूस भूगोलाचा असता तर एक वेळ माफ केलं असतं.

आमच्याकडे वडिलांच्या वेळची पेट्रोल जीप आहे. तिने खताची पोती वाहिली, पाहुणे वाहिले, चुलतबहिणीच्या लग्नात नवरीही वाहिली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मेहुणा आला होता. दोन पुरुष, रिकामा वेळ आणि समोर पत्र्याची वस्तू असली की रंगाचा डबा आपोआप उघडतो. बॉनेट झालं, मडगार्ड झाली, मग मेहुणा म्हणाला, ‘‘भावजी, चॅसीस का सोडायची?’’ नाही सोडली. गाडीच्या त्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर ब्रश पोचेल तिथे बाटली-हिरवा, आणि जिथे ब्रश पोचला नाही तिथे काडीला चिंधी बांधून पोचवला. पट्ट्या-बोल्ट काढून, रंगवून, वाळवून पुन्हा जागच्या जागी घट्ट बसवले. गल्लीतले लोक बघायला आले.

शाळा उघडली त्या सोमवारी सेल्फचं बटण दाबलं. घ्यँऽऽ... घ्यँऽऽ... आणि शांतता. बाळंतिणीने कूस बदलावी तसं इंजिन एकदा हललं आणि पुन्हा पडून राहिलं.

शेजारचे आण्णा ३० वर्षं ट्रक चालवतात. ते दात घासत आले. ‘‘सर, पेट्रोलच्या गाडीचं ह्येच असतंय. करंट, ठिणगी, शंभर नखरे. आमच्या ट्रकात ठिणगीच न्हाई. हवा दाबली की तापती, त्यात डिझेल उडवलं की पेटतं. मिटला इषय.’’ मग चूळ भरून निदानही केलं, ‘‘बॅटरी गेली.’’

चौघांनी धक्का मारला, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि जीप पहिल्या दणक्यात सुरू. म्हणजे बॅटरीच. मी नवी बॅटरी आणली. सकाळी पुन्हा घ्यँऽऽ.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर दहावी ब ची पोरं धक्का द्यायला यायची. ज्यांना प्रयोगवहीचं पान उलटायचा कंटाळा, ती जीप ढकलायला दप्तर टाकून पळत. चौथ्या दिवशी भिंतीवर माझं नवं नाव खडूने लिहिलेलं दिसलं. शुद्धलेखन अचूक होतं, म्हणून पुसलं नाही.

आता मात्र विज्ञान हाती घेणं भाग होतं. प्लग काढून त्याची चुडी, म्हणजे आट्यांचा भाग, इंजिनला टेकवायची, सेल्फ मारायचा आणि टोकाशी ठिणगी बघायची. निळी, ‘टच’ असा आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट, मुकाट ठिणगी म्हणजे करंट कमजोर. ती उघड्या हवेत कशीबशी उडेल, सिलिंडरमधल्या दाबाखाली तिचं काही चालत नाही. सौ.ला सीटवर बसवलं, मी पक्कडीत प्लग धरला.

‘‘दाब!’’

पक्कडीच्या दांड्यावरचं रबर एका जागी फाटलं होतं. ते मला कोपरापर्यंत कळलं.

‘‘उडाली का ठिणगी?’’ सौ.ने विचारलं.

‘‘उडाली.’’

‘‘कुठल्या रंगाची?’’

दुसऱ्या खेपेला रंग पाहिला. पिवळा. देवापुढच्या समईची वात बरी. तेवढ्यात सौ. म्हणाली, ‘‘अहो, हे चोकचं बटण चटका देतंय.’’ मी म्हटलं, ‘‘गाडीच्या वस्तू तापतातच.’’ इंजिन इतक्या दिवसांत सेल्फवर एकदाही सुरू झालेलं नव्हतं, ते सकाळपासून थंडगार होतं, हे त्या क्षणी मला सुचलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. घरी ते अजून कोणी विसरलेलं नाही.

मग मी उद्यमनगर गाठलं. कोल्हापुरात पंपाच्या नटापासून लेथच्या चकपर्यंत काहीही हवं असलं की पाय तिकडेच वळतात. एका दुकानदाराने कंडेन्सर दिला. बरोबर होतं त्याचं. पॉइंट, म्हणजे इंजिनबरोबर उघडझाप करणारा छोटा स्विच, उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात. कंडेन्सर मेला तर पॉइंटवरच ठिणग्या उडतात आणि प्लगला उष्टं-खरकटं मिळतं. बदलला. पिवळी. पॉइंट बदलले, फिलर गेज लावून २० थाऊचा, म्हणजे इंचाच्या २० हजारांशाचा, गॅप ठेवला. पिवळी. रोटर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, शेवटी कॉइल. पिवळी. चार प्लगही नवे घेतले. ते लावताना फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ ऐवजी शाळेतल्या सवयीने १-२-३-४ लावली. सायलेन्सरमधून असा बार निघाला की आण्णांचा कुत्रा दोन दिवस घरी जेवायला आला नाही.

चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन माणसाने बॅटरी-कॉइलवरचं हे इग्निशन बसवलं, आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आलेला इलेक्ट्रिक सेल्फही त्याचाच. दोन्ही एकाच डोक्यातून निघालेली सख्खी भावंडं. माझ्या बॉनेटखाली मात्र त्यांच्यात वाटणीचा दावा चालू होता: धक्का मारला की ठिणगी खणखणीत, सेल्फ बोलला की ठिणगीची दातखीळ. ही एवढी मोठी खूण समोर नाचत होती आणि मी पॉलिश पेपरने पॉइंट घासत बसलो होतो.

नवव्या दिवशी मिस्त्रींना बोलावलं. ते तंबाखू मळत आले. बॉनेटकडे बघितलं, चॅसीसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

‘‘रंग घरीच दिलाय न्हवं?’’

‘‘हो,’’ मी अभिमानाने म्हणालो.

‘‘सेल्फ मारताना चोकची वायर तापती का?’’

मी उत्तर देण्याआधीच दारातून आवाज आला, ‘‘मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं!’’

मिस्त्रींनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकला. ‘‘दाबा बटण.’’ जीप अशी उठली जणू नऊ दिवस नाटकच करत होती.

इंजिन बसतं रबराच्या ठोकळ्यांवर. त्याची अर्थिंग चॅसीसला जोडते ती तांब्याच्या वेणीची एक पट्टी. ती पट्टी मेहुण्याने आणि मी प्रेमाने काढली होती, खालची जागा दोन हात रंगवली होती, आणि सुकलेल्या रंगावर घट्ट आवळली होती. सेल्फला लागतो शंभराच्या वर अँपिअरचा लोंढा. त्याला परतीची वाट बंद, म्हणून तो सापडेल तिथून, म्हणजे इंजिनपासून चोकच्या बटणापर्यंत आलेल्या तारेतून बॅटरीकडे जाऊ पाहत होता. तार तापत होती, व्होल्ट वाटेतच गळत होते, आणि उरलेल्या तुकड्यावर कॉइलने काय दिवे लावायचे? धक्का मारताना सेल्फ मधे नसायचा, तेव्हा कॉइलच्या चार-पाच अँपिअरना तेवढी फटही पुरायची.

‘‘परिपथ पूर्ण असल्याशिवाय विद्युतधारा वाहत नाही.’’ हे वाक्य मी २२ वर्षं फळ्यावर लिहितोय. खाली दोन रेघा मारतो.

मिस्त्रींनी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत रंग खरवडला, पट्टी आवळली. मी हौसेने प्लग काढून पुन्हा पाहिला. टच! निळी. सौ.ने ती सीटवरून उतरून, वाकून, स्वतः पाहिली. मग चोकच्या बटणाला हात लावून म्हणाली, ‘‘गार आहे.’’ एवढंच. त्यापेक्षा चटका परवडला असता.

मिस्त्रींनी ५० रुपये घेतले. जुनी बॅटरी, कंडेन्सर, पॉइंट, रोटर, कॅप, कॉइल आणि चार प्लग, सगळे धडधाकट, एका खोक्यात माळ्यावर आहेत. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही. तो उन्हाळ्यात परत येणार आहे आणि फोनवर शेणखताच्या ट्रॉलीच्या रंगाचं विचारत होता.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता दहावी ब नेहमीप्रमाणे बाह्या सरसावून जीपमागे उभी. मी बटण दाबलं आणि जीप एका झटक्यात सुरू झाली. मागे अगदी सुतकी शांतता. शेवटी एक पोरगं खिडकीशी आलं.

‘‘सर,’’ ते हळूच म्हणालं, ‘‘सोमवारी तरी बंद पडंल का? गणिताच्या जादा तासाचं बघायचं होतं.’’