डावीकडचा मेन्यू परत विस्कटला!

नवीन वर्डप्रेस साइट, नवीन प्लगिन (साइटला जादा सोय जोडणारा छोटा प्रोग्राम) आणि परत तेच! एवढंसं काम करणारं प्लगिन बसवलं, तर 'डॅशबोर्ड'च्या लगेच खाली त्याचं भलंमोठं नाव, शेजारी लाल गोळ्यात १. रोज लागणाऱ्या पोस्ट आणि पेजेस ढकलल्या गेल्या खाली.

वर्डप्रेसमध्ये प्रत्येक मेन्यूला जागेचा आकडा असतो, आकडा जितका लहान तितकी जागा वर. पोस्ट ५, मीडिया १०, पेजेस २०, सेटिंग्ज थेट ८०. प्लगिनवाल्यांना हवा तो आकडा देता येतो, म्हणून वर्षातून दोनदा उघडायच्या पानासाठीही त्यांना सगळ्यांच्या वरच बसायचं असतं. अरे, सेटिंग्जच्या आत एक उपमेन्यू पुरतो की! तशी सोय आहेच ना?

बरं, क्रम आपण कोड लिहून बदलावा तर 'मेन्यू ऑर्डर' हा फिल्टर (वर्डप्रेसचं वागणं कोडमधून बदलायची सोय) एकटा चालत नाही. आधी 'कस्टम मेन्यू ऑर्डर'ला होकार द्यावा लागतो. हे पहिल्यांदा कळेपर्यंत माझी अख्खी दुपार गेली होती. आणि मेन्यू काढला म्हणजे पान बंद झालं असंही नाही. तो नुसता दिसेनासा होतो. अधिकार असलेला माणूस थेट पत्ता टाकून आत जातोच.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? ज्या बाईंना फक्त लेख टाकायचा असतो, त्या घाबरून फोन करतात, "अहो, माझ्याकडून काही बिघडलं का? पोस्ट कुठे गेल्या?" त्यांच्याकडून काहीच बिघडलेलं नसतं. त्यांच्या रोजच्या कामाची जागा कुणीतरी न विचारता हलवलेली असते.