आमदार फुटला त्या दिवशी आमच्या घरी चहा झाला

काल नाक्यावर पुन्हा तोच विषय. आमदार विकले जातात, गोव्याचं वाटोळं केलं, सगळे एका माळेचे मणी. मीही जोरात मान हलवली. घरी येताना मात्र आमच्याच घरातली एक जुनी संध्याकाळ आठवली आणि लाज वाटली.

आमचा आमदार मागे एकदा असाच विरोधी बाकांवरून उठून सत्तेत गेला. कोण, कधी ते लिहीत नाही. गोवा एवढासा, लगेच ओळखाल. त्याआधी भाच्याच्या सरकारी नोकरीसाठी मी दोन-तीन रविवार सकाळी त्याच्या पडवीत जाऊन बसलो होतो. तो म्हणायचा, "विरोधात आहे रे मी, माझं कोण ऐकतंय?" पक्षांतराची बातमी आली तेव्हा आई म्हणाली, "बरें जालें, आतां काम जातलें." (बरं झालं, आता काम होईल.) चहा झाला. ज्या पक्षाविरुद्ध मी दारोदार मतं मागितली होती, त्याच पक्षात तो गेला होता, आणि मला हायसं वाटलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

(भाच्याला नोकरी मिळाली नाही. तो वेर्ण्याला एका कंपनीत जातो.)

म्हणून 'मतदारसंघाच्या विकासासाठी गेलो' असं कुणी म्हटलं की मला आता पूर्वीसारखं हसू येत नाही. ते खोटंच असतं असंही नाही. आपला मनुष्य सत्तेत हवा, नाहीतर रस्ता होत नाही, नळाला पाणी येत नाही, बदली होत नाही, हे त्याला सकाळ-संध्याकाळ ऐकवणारे आपणच. त्याला स्वतःलाही मंत्रिपद हवं असतं, ते वेगळं. पण निमित्त आपण पुरवतो.

बाकी हिशेबात आमचे आमदार पक्के. पक्षाचे दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले तर घटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, ते विलीनीकरण ठरतं, आमदारकी जात नाही. १० जुलै २०१९ ला काँग्रेसच्या पंधरापैकी बरोबर दहा भाजपात गेले. १४ सप्टेंबर २०२२ ला अकरापैकी आठ. सात पुरले नसते.

हे आठ जण निवडून येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. त्याच वर्षी २२ जानेवारीला काँग्रेसने उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर (क्रूसासमोर) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली होती. पक्षांतरानंतर या आठांतले एक, माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत म्हणाले, आपण पुन्हा देवाला विचारलं. आपल्याकडे देवाला कौल लावतात आणि मतदारही कौलच देतात, शब्द एकच. देवाचा कौल मनासारखा येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावणारी माणसं मी पाहिली आहेत. मतदाराला पुन्हा विचारायला मात्र कुणी येत नाही. राजीनामा देऊन पोटनिवडणुकीला सामोरं जाणं हा त्याचा सरळ मार्ग होता.

आणि आपण अगदीच हतबल आहोत असंही नाही. २०१९ च्या त्या दहांपैकी सात जण २०२२ ला पडले. फक्त तिघे परत निवडून आले. म्हणजे मनात आणलं तर लोक धडा शिकवतात. मग सहा महिन्यांत आठ जणांना धीर कसा झाला? मला वाटतं, त्यांना ठाऊक होतं की पाच वर्षं मोठी असतात, आणि मधल्या काळात आपण सगळे काही ना काही मागायला येणारच.

२०२४ च्या शेवटी नोकऱ्यांसाठी पैसे घेतल्याची प्रकरणं पोलिसांत गेली, अटका झाल्या. गावात सगळे घेणाऱ्यांना शिव्या घालत होते. देणाऱ्यांबद्दल 'बिचारे फसले' एवढंच. फसले खरे. पण ती नोकरी मिळाली असती तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी पोराच्या ताटातली होती, हे त्यांना माहीत नव्हतं काय? मी पैसे दिले नव्हते, पण पडवीत बसलो होतोच की.

आता २०२७ ची निवडणूक जवळ येतेय. परवा आमदारांच्या कार्यकर्त्याचा फोन आला. जत्रेच्या नाटकाला साहेब मदत करतील, हँडबिलावर नाव मात्र वर घालायचं. समितीचा खजिनदार मी. पडदे आणि लाईटवाल्याचे पैसे अजून जमलेले नाहीत. "सांगतो" म्हणून फोन ठेवलाय.